काय न्हाई

"मावशी, काय त्रास?"

"काय न्हाई."

परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलच्या ओपीडीत चार-चार तास बसल्यावर आमचा नंबर लागायचा आणि आत गेल्यावर एवढंच बोलणं व्हायचं. डॉक्टर फाइल उघडायचे, रक्ताचे रिपोर्ट बघायचे, गोळी लिहून द्यायचे. बाहेर अजून साठ-सत्तर माणसं बसलेली असायची, त्यामुळे ‘काय न्हाई’ म्हणणारा पेशंट कोणत्याही डॉक्टरला बराच वाटत असणार. मी मागे उभी. आई समोर, पदर दोन्ही हातांवर घेऊन बसलेली. दोन्ही अंगठ्यांची नखं कडेने सुजून पिकली होती, त्यांवर तिने जुन्या सुती साडीच्या चिंध्या बांधल्या होत्या आणि त्या दिसू नयेत म्हणून तो पदर होता. सकाळी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेतून निघायच्या आत ती तीनदा संडासला जाऊन आली होती. तरी, काय न्हाई.

बाहेर आल्यावर मी चिडले. "मग मी रजा टाकून कशाला येते गं?"

"सांगून काय व्हनार? गोळी बंद करत्याल," ती म्हणाली. "मग?"

त्या ‘मग?’ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तिला उसाचा रस घ्यायचा का विचारलं. ती नको म्हणाली. रस्त्यात पुन्हा संडास शोधायला लागला असता, हे मला फार नंतर कळलं.

आई कराडच्या बाजूची. दोन म्हशी, एकरभर भुईमूग, आणि मुलगी डोंबिवलीला दिलेली. २०२१च्या दिवाळीत तिला खोकला सुरू झाला तेव्हा आम्ही सगळ्यांनी तो कोविडच्या खात्यात टाकला. दोन महिन्यांनी एक्स-रेत डाग दिसला आणि तालुक्याच्या एका डॉक्टरांनी टीबीची औषधं चालू केली. थुंकीत जंतू सापडले नव्हते. चार महिने ती त्या लघवी लाल करणाऱ्या गोळ्या खात राहिली आणि झिजत गेली. आपल्याकडे टीबी इतका आहे की छातीत डाग म्हटला की आधी तोच आठवतो, त्यामुळे राग धरण्यात अर्थ नाही असं मी स्वतःला सांगते. आणि अजून धरते. शेवटी छातीत पाणी झालं, ते काढून तपासायला पाठवलं तेव्हा उत्तर आलं: ॲडिनोकार्सिनोमा, फुप्फुसाच्या कॅन्सरचा एक प्रकार. चौथी स्टेज.

मग भेटायला येणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न: "मिसरी लावत हुत्या का?" आईने आयुष्यात तंबाखूला हात लावलेला नाही. पण लोकांना दोष कुठेतरी ठेवायचा असतो, म्हणजे मग आपण सुटतो. चूल मात्र तिने तीस वर्षं फुंकली. चुलीचा धूर फुप्फुसाला वाईट, हे खरंच आहे. पण एका बाईच्या एका गाठीचं कारण म्हणून चुलीकडे बोट दाखवता येत नाही, आणि दाखवलं तरी त्याचा तिला काय उपयोग?

परळला पहिल्यांदा आम्हाला ‘म्युटेशन’ हा शब्द भेटला. गाठीच्या तुकड्यातून ईजीएफआर नावाच्या जनुकात बदल आहे का ते बघायचं, त्याला तीनेक आठवडे लागणार. घरचे सगळे अधीर. "गोळी असते म्हणे, ती चालू करायला काय हरकत?" माझाही जीव तसाच. हरकत होती. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या पूर्व आशियातल्या बाराशेहून जास्त रुग्णांच्या चाचणीने ते दाखवून दिलं होतं: ज्यांच्या गाठीत तो बदल होता त्यांना जेफिटिनिब ही गोळी किमोपेक्षा चांगली लागू पडली, आणि ज्यांच्यात नव्हता त्यांचं गोळीवर किमोपेक्षा वाईट झालं. बाहेरून सगळे पेशंट सारखेच दिसतात. भारतात फुप्फुसाच्या या प्रकारच्या कॅन्सरमध्ये साधारण चारांतल्या एकाला हा बदल सापडतो, न ओढणाऱ्यांत आणि बायकांत जास्त. आईला सापडला. रिपोर्टवर ‘एक्झॉन १९ डिलीशन’ वाचून मी ओपीडीच्या पायऱ्यांवर बसून रडले, आनंदाने. जनुकातला एक तुकडा गळालाय म्हणून पेढे वाटावेसे वाटतील असं कधी वाटलं नव्हतं.

डॉक्टरांनी दोन रस्ते सांगितले. नुसती गोळी, किंवा गोळी आणि सोबत किमो. दुसऱ्या रस्त्याचा आधार टाटा मेमोरियलमध्येच झालेल्या चाचणीचा होता. ३५० रुग्ण. नुसत्या जेफिटिनिबवर आजार निम्म्या लोकांत सुमारे ८ महिने आटोक्यात राहिला, किमो जोडल्यावर १६ महिने. पण गंभीर त्रास नुसत्या गोळीवर १०० पैकी २५ जणांना झाला, तर दोन्हींवर ५१ जणांना. मी हे आकडे आईला मराठीत सांगायचा प्रयत्न केला. तिने दुसऱ्याच वाक्याला हात वर केला. "किमो नगं. केस जात्यात, मान्सं बघाय येत्यात. गोळी बस्स."

मी जोर केला नाही. तेव्हा तो तिचा मान ठेवणं वाटलं. कधी कधी रात्री वाटतं, तो माझा आळस होता.

गोळी म्हणजे २५० मिलिग्रॅमची एक, रोज एक. एवढीशी. पहिल्या आठवड्यात खोकला उतरला, दहाव्या दिवशी ती जिना न थांबता चढली. आणि त्याच दिवशी संध्याकाळी नाकाच्या दोन्ही बाजूंना पुरळ उठलं. तीन दिवसांत गाल, कपाळ, केसांत, छातीवर, पाठीवर, पिवळ्या तोंडाचे फोड. गावाकडून आत्या आली, दारातूनच बघितलं आणि म्हणाली, "देवी आल्या." लिंबाचा पाला उशाखाली आला, दहीभाताचा नैवेद्य झाला. माझ्या मुलीने स्वतःचं मुरुमांचं क्रीम आजीला लावून दिलं. त्याने आधीच कोरडी पडलेली कातडी अशी भाजली की आई रात्रभर पंख्याखाली बसून राहिली. हे मुरूम नसतात. दिसतात तसे, पण औषध उलटं: मुरुमांची क्रीमं त्वचा सुकवतात आणि इथे त्वचेला ओल हवी असते. साधं वासाचं नसलेलं मलम दिवसातून तीनदा, उन्हात जाताना डोकं-तोंड झाकणं, आणि डॉक्टरांनी लिहून दिली तर डॉक्सिसायक्लिनसारखी गोळी. आम्हाला हे कळायला तीन आठवडे गेले.

त्या वेळी ओपीडीत मोठ्या डॉक्टरांनी तिच्या चेहऱ्याकडे बघून सहज म्हटलं, "हे येणारच. चांगलं लक्षण समजा."

एवढं एक वाक्य. त्यांनी धीर द्यायला म्हटलं असेल. आईने ते गाठीला बांधलं. पुरळ उठलंय म्हणजे गोळी काम करतेय. त्या दिवसापासून ती रोज सकाळी आरसा घेऊन खिडकीत बसायची आणि फोड मोजायची. मलम लावायला कुरकुर करू लागली. पुरळ बसलं तर? खूण पुसली तर?

तिचं म्हणणं अगदीच वेडं नव्हतं. या औषधांच्या अभ्यासांत ज्यांना जास्त पुरळ येतं त्यांना औषध जास्त लागू पडल्याचं पुन्हा पुन्हा दिसलंय. पण हा सरासरीचा हिशेब आहे. पुरळ आलं नाही म्हणून गोळी फुकट गेली असं होत नाही, आणि पुरळावर इलाज केला म्हणून गोळीचा जोर कमी होत नाही. सरासरी माणसाला धरून बसत नाही, माणूस मात्र सरासरीला धरून बसतो.

फुप्फुसाच्या गोळीचं तोंडावर काय काम, हा प्रश्न मला छळत होता. वाचत गेले तेव्हा उंदरांपाशी पोचले. १९६०च्या आसपास अमेरिकेत स्टॅन्ली कोहेन नावाचे जीवरसायनशास्त्रज्ञ नुकत्या जन्मलेल्या उंदरांच्या पिल्लांना एका ग्रंथीचा अर्क टोचत होते. पिल्लांचे डोळे उघडायला एरवी दोन आठवडे लागतात. टोचलेल्या पिल्लांनी ते आठवड्यात उघडले, दातही लवकर आले. त्या अर्कात कातडीच्या पेशींना ‘वाढा’ असं सांगणारं काहीतरी होतं. त्यालाच पुढे एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर नाव पडलं, आणि १९८६ साली कोहेन यांना रिटा लेव्ही-मोन्टाल्चिनी यांच्यासोबत नोबेल मिळालं. ईजीएफआर म्हणजे तो निरोप घेणारा पेशीवरचा दरवाजा. आईच्या गाठीत तो दरवाजा बिघडून सताड उघडा राहिला होता. गोळी तो बंद करते. पण तोच दरवाजा कातडीवर आहे, नखांच्या मुळाशी आहे, आतड्याच्या अस्तरात आहे, पापण्यांच्या केसांत आहे. गोळीला बिघडलेला आणि चांगला यांतला फरक पुरता कळत नाही. ती सगळीकडे कड्या घालत सुटते.

पापण्यांचं तर मला कुणी सांगितलंच नव्हतं. चार-पाच महिन्यांनी आईच्या पापण्या वाढायला लागल्या. लांब, जाड, वाकड्यातिकड्या. डोक्यावरचे केस पातळ आणि पापण्या अशा की माझी मुलगी म्हणाली, "आजी, मस्कारा कुठला लावतेस?" आई लाजली. साठीला आलेली, अंगावर पुरळ, वजन पंचेचाळीस किलो, आणि लाजली. थोड्या दिवसांनी मात्र त्या आत वळून बुबुळाला घासू लागल्या, डोळे लाल राहू लागले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्या कापून दिल्या आणि मला दाखवलं की बोथट टोकाच्या कात्रीने, खाली बघायला लावून, कशा छाटायच्या. महिन्यातून एकदा मी आईच्या पापण्या कापते, हे वाक्य मी ऑफिसात एकदा बोलून गेले आणि सगळे हसले. मीही हसले.

नखांचं हसण्यासारखं नव्हतं. अंगठ्याच्या कडेला मांस वर येतं, नख त्यात रुततं, पू होतो. कागदावर हे ‘सौम्य’ त्रासात मोडतं, कारण त्याने कुणी मरत नाही. पण अंगठे म्हणजे काय, हे विचारावं लसूण सोलणाऱ्या बाईला. मेथी निवडता येईना. शेंगा फोडता येईनात. ब्लाउजचे हुक लावता येईनात, त्यासाठी सुनेला हाक मारायची लाज. चप्पल घालताना पायाच्या अंगठ्याने जीव जायचा. आईचं सगळं आयुष्य बोटांच्या टोकांवर चालत आलेलं, आणि औषधाने नेमकी तीच टोकं धरली. कोमट पाण्यात थोडं व्हिनेगर घालून दहा-पंधरा मिनिटं बोटं बुडवायची, नख सरळ कापायचं, रात्री मलम लावून सुती मोजे. हे सगळं नंतर परळच्या त्वचेच्या ओपीडीत समजलं. पण त्यासाठी आधी ‘काय न्हाई’ सोडायला लागणार होतं.

ते सुटलं नोव्हेंबरात. आई डोंबिवलीला माझ्याकडे होती. पहाटे धप्प असा आवाज आला. संडासच्या दारात ती पडलेली, डोळे खोल, जीभ कोरडी, हाक मारली तर ‘ऊं’. दवाखान्यात कळलं की पोटॅशियम खाली, क्रिएटिनिन हा किडनीचा आकडा वर. सहा-सात दिवस रोज आठ-दहा वेळा जुलाब होत होते. रात्री दिवा न लावता, भिंतीला हात लावत ती जायची, म्हणजे आमची झोपमोड नको आणि मला कळायलाही नको. त्यात आत्याने आणलेला गुळवेलीचा काढा रोज सकाळी. एसजीपीटी हा यकृताचा आकडा चौपट. गोळीने यकृताचे आकडे वाढतात हे माहीत होतं, काढ्याचा हात त्यात किती होता ते कुणी सांगू शकलं नाही. मुंबईच्याच डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं लिहिलं होतं, आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली होती. तो वाद मोठ्यांनी घालावा. माझी तक्रार एवढीच की काढ्याबद्दलही विचारलं तेव्हा उत्तर तेच होतं. काय न्हाई.

सलाईन चालू असताना एक तरुण डॉक्टरीण आली. विदर्भाकडची असावी बोलण्यावरून. तिने खुर्ची ओढली, बसली. बसणारे डॉक्टर फार कमी असतात. "मावशी, तुम्हाला वाटते आम्ही गोळी बंद करू म्हणून?"

आईने मान हलवली.

"या गोळीचं तसं नसते. जुलाब फार झाले तर दोन आठवड्यांपर्यंत थांबवून परत सुरू करता येते. त्याने आजार पळून नाही जात पुढे. पण तुम्ही अशाच पडल्या आणि किडनी गेली, तर मग कायमची बंद. मग सांगायचं की नाही सांगायचं?"

आई बराच वेळ वर लटकणाऱ्या बाटलीकडे बघत होती. मग म्हणाली, "सांगायचं कसं पन? रोज कुटं येऊ सांगाय?"

मला वाटतं, सगळी गोम इथे आहे. आम्ही तिला भित्री समजत होतो. तिचा अर्धा प्रश्न भीतीचा होता आणि अर्धा जागेचा: सहा आठवड्यांतून एकदा, तीन मिनिटं, परक्या पुरुषासमोर, माझ्यादेखत, संडासाबद्दल बोलायचं? कुठल्या तोंडाने? न्यूयॉर्कच्या एका कॅन्सर रुग्णालयात ७६६ रुग्णांवर एक साधा प्रयोग झाला होता. काहींनी आपले त्रास स्वतःच संगणकावर किंवा टॅब्लेटवर नोंदवायचे, काही वाढलं की नर्सला निरोप जायचा. बाकीच्यांचं नेहमीसारखं. २०१७ साली त्याचे आकडे आले: नोंदवणाऱ्यांत निम्मे लोक ३१.२ महिन्यांपर्यंत जगले, बाकीच्यांत २६ महिन्यांपर्यंत. नवं औषध काही नाही, नुसतं सांगणं. पाच महिने. कॅन्सरच्या कितीतरी महागड्या औषधांना एवढं जमलेलं नाही.

आणि न सांगण्याची, न ऐकण्याची दुसरी बाजू जपानने बघितली आहे. हीच जेफिटिनिब जगात सगळ्यात आधी जपानमध्ये मंजूर झाली, जुलै २००२ मध्ये. किमोसारखा त्रास नसलेली गोळी म्हणून तिच्याबद्दल मोठी हवा होती. काही महिन्यांतच फुप्फुसाला सूज येऊन माणसं दगावू लागली. ऑक्टोबरात तातडीची सूचना निघाली, पुढच्या वर्षांत मृतांचा आकडा शेकड्यांत गेला. रुग्णांच्या घरच्यांनी कंपनी आणि सरकारवर खटले भरले, ते २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात संपले, आणि निकाल घरच्यांच्या विरुद्ध गेला. ती सूज क्वचित येते, पण येते. नवा कोरडा खोकला, अचानक लागणारा दम, ताप. म्हणून ‘जरा खोकला हाय, काय न्हाई’ हे वाक्य या गोळीवर असलेल्या माणसाने कधीच म्हणू नये. मी आईला जपानची गोष्ट सांगितली. तिने विचारलं, "त्यास्नी कुनी इचारलं न्हवतं का, काय हुतंय म्हनून?"

ओपीडीच्या बाकांवर सगळ्यांच्या आपापल्या गोष्टी होत्या. नगरकडचे एक गुरुजी किमोवर होते, पेमेट्रेक्सेड आणि कार्बोप्लॅटिन. किमोच्या आदल्या दिवसापासून डेक्सामेथासोन नावाचं स्टिरॉइड घ्यावं लागतं, त्याने त्यांना दोन रात्री टक्क जाग. पहिल्या वेळी त्यांनी पहाटे तीनला घरातली सगळी भांडी राखेने घासून काढली होती. "तिसऱ्या रात्री मी मेलेला," ते म्हणायचे, आणि तो मेलेपणा कसा असतो ते सांगताना चेहरा असा करायचे की बाकावरची माणसं हसायची. तोंडात लोखंडाची चव. बायकोने आयुष्यभर केलेली आमटी पहिल्यांदा नावडली, ते तिला सांगायचं कसं? दुसरे एक गृहस्थ इम्युनोथेरपीवर. त्यांना केस गळणं, उलट्या काही नाही. सहा महिन्यांनी एकदम थकवा, थंडी वाजणं, तोंड सुजणं. तपासलं तर थायरॉइड बंद पडलेलं. शरीराची फौज कॅन्सरवर सोडली की ती कधी कधी घरातच लूट करते. त्यांना आता जन्मभर रोज सकाळी थायरॉइडची गोळी. ते म्हणाले, माझ्या बायकोला पण तीच आहे, आता एकाच डबीतून खातो.

पैशाचं थोडक्यात सांगते, कारण त्या विषयात शिरले की बाहेर येता येत नाही. जेफिटिनिब आता परवडते. देशी कंपन्या बनवतात, आणि २०१९ मध्ये सरकारने ४२ कॅन्सर औषधांवरच्या व्यापारी नफ्याला ३० टक्क्यांची मर्यादा घातल्यापासून अशा औषधांच्या किमती बऱ्याच उतरल्या. पैशाची भीतीही माणसाला ‘काय न्हाई’ म्हणायला लावते, कारण प्रत्येक त्रासामागे एक तपासणी असते.

नोव्हेंबरनंतर वही आली. माझ्या मुलीची चौरेघी. आई चौथी शिकलेली, अक्षर मोठं, ओळ सोडून. जुलाबाला ठिपके, उलटीला फुली, पुरळाला एक ते पाच. बाकी तिच्या मनाचं. ‘ठिपके ४. ताक पेले. आंगठा बरा.’ ‘ठिपके १. म्हस व्याली, रेडी.’ ‘ठिपके ०. जेवन गेलं. तोंड आलं. ठेचा खाल्ला, चूक झाली.’ दर रविवारी माझी भाची त्या पानाचा फोटो मला पाठवायची, काही जास्त वाटलं तर मी परळच्या नर्सताईंना फोन लावायचे. एका आठवड्यात ठिपके सहावर गेले तेव्हा फोनवरच जुलाब थांबवणारं लोपेरामाइड सुरू झालं आणि दोन दिवसांत उतरले. आणखी एक गोष्ट वहीनेच पकडली. ‘जळजळ. पित्ताची गोळी’ असं रोज लिहिलेलं होतं. गावातल्या मेडिकलमधून ती ॲसिडिटीच्या गोळ्या आणून खात होती. त्याने पोटातलं आम्ल कमी होतं आणि जेफिटिनिब नीट शोषलीच जात नाही. किती महिने अर्धीच गोळी तिच्या अंगी लागत होती कुणास ठाऊक. तिला तो त्रास वाटला नव्हता, म्हणून सांगितला नव्हता.

ओपीडीत ती आता "काय न्हाई" म्हणायची, आणि वही पुढे सरकवायची. तोंडाची सवय गेली नाही. डॉक्टर पहिल्यांदा हसले, मग वाचायला लागले, मग म्हशीबद्दल विचारू लागले.

२०२३च्या डिसेंबरात पुन्हा पाणी झालं. दीड वर्ष झालं होतं. गोळीला कॅन्सर वाट काढतोच. निम्म्याअधिक लोकांत ती वाट एकच असते, त्याच जनुकात आणखी एक बदल, त्याचं नाव टी७९०एम. आता तो रक्तातूनही तपासता येतो, छातीत पुन्हा सुई घालावी लागेलच असं नाही. आईच्या रक्तात सापडला. त्यासाठीची गोळी ओसिमर्टिनिब, अमेरिकेत २०१५ साली मंजूर झालेली. ८० मिलिग्रॅम, रोज एक, आणि किंमत ऐकून माझ्या भावाने म्हशींकडे बघितलं. काही डबे विकत घेतले की पुढचे मोफत, अशा एका मदत-योजनेत आमचं नाव बसलं. जुलै २०२४च्या अर्थसंकल्पात तिच्यासह तीन कॅन्सर औषधांवरची सीमाशुल्क माफ झाली, ती बातमी आईने टीव्हीवर ऐकली. टीव्हीवर आपल्या गोळीचं नाव घेतलं, हे तिने गावभर सांगितलं.

सुरू करण्याआधी हृदयाची एको आणि ईसीजी झाली, कारण या गोळीचा त्रास क्वचित तिकडेही जातो. बाकी सगळं उतरलं. जुलाब कमी. नखं हळूहळू सरळ. आणि दोन महिन्यांत चेहरा स्वच्छ झाला, इतका की आत्या म्हणाली, "वैनी, पैल्यासारखी दिसाय लागली."

आईची झोप उडाली.

"पुरळ उठंना झालंय," तिने फोनवर सांगितलं. आवाज बारीक. "गोळी खोटी तर न्हाई ना? एवढ्या पैशाची."

मी समजावलं. ही गोळी हुशार आहे, बिघडलेल्या दरवाजालाच जास्त धरते, चांगल्याला फारसा हात लावत नाही, म्हणून पुरळ कमी. तीन महिन्यांनी स्कॅन झाला, पाणी आटलं होतं, गाठ निम्मी. फिल्म उजेडात धरून डॉक्टरांनी दाखवली. तिने बघितली. पण फिल्म डॉक्टरांना दिसते तशी तिला दिसत नाही. तिला दिसतो आरसा. वहीत पुरळाच्या रकान्यात रोज एक मोठा शून्य, आणि त्या शून्याला तिने एकदा बाजूला प्रश्नचिन्ह काढलेलं मी पाहिलं.

गेल्या महिन्यात गावी गेले होते. अंगणात शेंगा वाळत घातलेल्या, आई एकेक फोडत बसलेली, अंगठ्याने. मी कात्री काढली. तिला सूपापासून उठवून उजेडाकडे तोंड करून बसवलं, खाली बघ म्हटलं. उजव्या डोळ्याच्या छाटून झाल्या, डावीकडे वळले, तेवढ्यात तिने माझं मनगट धरलं.

"अजून वाढत्यात का गं?"

"वाढतायत की. बघ ना किती."

तिने आरसा मागितला. डावा डोळा बारीक करून, उघडून, पुन्हा बारीक करून पाहिला.

"मग ह्या काई ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "समद्या कापू नगंस. खूण ऱ्हाऊ दे."

आत वळलेल्या होत्या तेवढ्या मी काढल्या. बाहेरच्या कोपऱ्यातल्या चार-पाच, बुबुळापासून लांबच्या, तशाच ठेवल्या.